एक लांब, तीन आखूड

मे महिना लागला, रस्त्यावरचं मीठ धुतलं गेलं,
आणि आंडोया बेटावरच्या झाडून साऱ्या मोटारसायकली
एकाच आठवड्यात माझ्या दारात येऊन खोकल्या.
एइलर्टची सर्वांत शेवटी. ढकलत नाही,
चालवतच आणली होती त्याने,
फक्त डायलवर एका दिव्याच्या जागी
काळी चिकटपट्टी.

'हे काय?'
'दोन वर्षांपूर्वी लागला. विझेना.
नजर सारखी तिकडेच जायची.'
मी नखाने पट्टी उचलली.
दिवा होताच. पिवळा, जागा,
एबीएस ही तीन अक्षरं गोंदाने लिडबिडलेली.

आधी ते केलं जे सगळेच आधी करतात.
फ्यूज पाहिला: धड.
बॅटरी मोजली: बारा पूर्णांक सहा, म्हणजे तिचाही दोष नाही.
मग सीटखालचा प्लग शोधून
त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली
आणि किल्ली फिरवली. असं केलं की
दिवा आपलं दुखणं आपणच सांगतो.
लांब लुकलुकला तर दहा, आखूड तर एक.
अकरा, मी मोजलं. पुढचं चाक.
(खांदा आणि कानामध्ये फोन धरून मोजलं, हेही खरं.)

पुढचा सेन्सर त्रोम्सोहून आला, नऊ दिवसांनी.
बसवला.
दिवा तसाच.

एइलर्ट ऑइलच्या डब्यावर बसून होता,
चौतीस वर्षं फेरीबोटीच्या सुकाणूपाशी उभं राहिलेला माणूस,
बसला तरी पाय फाकवूनच बसतो.
'पुन्हा लाव,' म्हणाला.
लावला. तो दिव्याकडे बघेना,
दिव्याच्या जरा बाजूला बघत राहिला, ओठ हलत होते.
'तेरा.'
'अकरा.'
'तेरा. तू नुसता उजेड मोजतेस, सुनिवा.
उजेड काय, सगळ्याच दीपगृहांचा सारखा.
मधला अंधार मोजायचा. कोण किती वेळ गप्प राहतं
त्यावरून कळतं, आपण कुठल्या खडकाशी आहोत.'

तेरा. मागचं चाक.

मागच्या चाकाला एक कडं असतं, त्यात पन्नास खिडक्या.
सेन्सर जागचा न हलता त्या मोजत बसतो,
खिडकी, भिंत, खिडकी, भिंत,
आणि तेवढ्यावर विश्वास ठेवतो की चाक फिरतंय.
मी जुना टूथब्रश घेऊन एकेक खिडकी घासत गेले.
एकोणतिसावी बुजलेली. गंज, मीठ
आणि कसल्याशा शिंपल्याचा चुरा,
सगळं मिळून तांदळाच्या दाण्याएवढं, आणि दगडासारखं घट्ट.

दर फेरीला एकदा, नेमकं तिथे,
यंत्राला वाटायचं की चाक अडलं;
मग ते धास्तावून अंग काढून घ्यायचं.
दोन वर्षं.
चाक बिचारं फिरतच होतं.

सुईने काढलं. सुई मोडली.

'विझला नाही,' एइलर्ट म्हणाला.
उभ्या गाडीवर विझत नाही तो.
लोकांना हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं:
किल्ली लावून टक लावू नका,
थोडं पुढे जा, दोन्ही चाकांना
एकमेकांचं पटू द्या.

रात्रीचे अकरा वाजले होते, भिंतीवर ऊन.
या दिवसांत इथे अंधार मोजायलाही मिळत नाही.
बिलात मी सुईचे पैसे लावले, सेन्सरचे नाही.
जुना सेन्सर, निर्दोष, अजून फळीवर आहे,
त्याला एइलर्टच्या नावाची चिठ्ठी.

तो गेला. मासे वाळवायच्या मांडवांपर्यंत रस्ता सरळ,
मग वळण. वळणावर
त्याचा मागचा लाल दिवा लागला, लांब.
मग बराच वेळ काही नाही.
मी श्वास धरून ते काही नाही मोजलं.
मग दोन आखूड.

बारा?
पुस्तक काढून पाहिलं.
या गाडीला बारा नंबरचा बिघाडच नाही.